आइसलँडला गाडीने प्रदक्षिणा घालताना धबधबे आणि हिमनद्यांपलीकडचे जगावेगळे काय पाहावे?

१९७४ साली पूर्ण झालेला आणि बेटाला वळसा घालणारा सुमारे १३०० किलोमीटरचा रिंग रोड बहुतेक प्रवासी घाईने संपवतात. माझ्या मते मात्र पूर्व किनाऱ्यावरच्या छोट्या गावांत मुद्दाम थांबावे. ड्यूपिवोगुर या गावी शिल्पकार सिगुर्दुर गुडमुंडसन यांनी २००९ मध्ये बंदरालगत ३४ भलीमोठी दगडी अंडी ओळीने मांडली आहेत. प्रत्येक अंडे परिसरातल्या एका पक्ष्याचे असून, त्याची घडण त्या पक्ष्याच्या खऱ्या अंड्यासारखी आहे. त्यांतले सर्वांत मोठे अंडे लाल गळ्याच्या पाणबुड्या पक्ष्याचे आहे, कारण तो या गावाचा मानाचा पक्षी आहे. एकेका अंड्यापाशी थांबून फरक न्याहाळण्यातच खरी गंमत आहे, त्यामुळे येथे वेळ हातचा राखू नये.

पुढे स्टोडवारफ्योर्डर येथे पेट्रा या गृहिणीने १९४६ पासून आसपासच्या डोंगरांतून गोळा केलेले स्फटिक आणि रंगीत दगड तिच्याच घरात व बागेत मांडलेले आहेत. हे ठिकाण हिवाळ्यात बंद असते.

उत्तरेकडील आकुरेरीत सिग्नलचा लाल दिवा हृदयाच्या आकाराचा दिसतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर लोकांना धीर देण्यासाठी ही कल्पना पुढे आली.

रिंग रोड सोडून सुमारे १०० किलोमीटर आत जाण्याची तयारी असेल, तर होल्माविकचे जादूटोणा संग्रहालय अवश्य पाहावे. सतराव्या शतकात आइसलँडमध्ये चेटकाच्या आरोपावरून जाळले गेलेले बहुतेक जण पुरुष होते, ही बाब युरोपातील इतर बहुतेक देशांच्या तुलनेत फार वेगळी आहे.