वाचक विचारतात : कौल दिला, मग घोडं अडलं कुठे?

प्रश्न : ब्रेक्झिटचं सार्वमत जून २०१६ मध्ये झालं आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं ते थेट जानेवारी २०२० मध्ये. लोकांनी स्पष्ट सांगितल्यावर तिथल्या संसदेने साडेतीन वर्षं चर्चेचं गुऱ्हाळ का घातलं? लोकांनी सांगितलं ते गुमान करणं म्हणजेच लोकशाही ना? तुम्ही तिथेच राहता, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, मी कुठल्या बाजूची हे आधीच सांगून टाकते. मी संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. हरले. आणि तरीही कौल पाळायलाच हवा, असं मला २४ जूनच्या सकाळपासून वाटत आलंय. त्यावरून माझ्याच बाजूच्या मैत्रिणींशी माझं वाजलंही.

२३ जूनला मी इथे स्विंडनमध्ये एका मतदान केंद्रावर कारकुनाचं काम करत होते. सकाळी सात ते रात्री दहा. माझ्यासमोर मतदारयादी, हातात पट्टी. नाव सापडलं की मी पट्टी धरून त्यावर रेघ मारायची, शेजारच्या बाईंनी मतपत्रिका फाडून द्यायची. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते, इथे पेन्सिलीनेच फुली मारतात. त्या दिवशी माणसं खिशातून स्वतःचं पेन काढून दाखवायची, ‘हे चालेल ना?’ म्हणून. पेन्सिलीच्या फुल्या रात्री कुणी खोडून टाकेल, अशी अफवा पसरली होती. एक आजोबा वॉकर ढकलत आले. म्हणाले, मी १९७५ च्या सार्वमतानंतर मतच दिलेलं नाही, कारण कुणाला दिलं तरी फरक पडत नाही. मत देऊन झाल्यावर ते दारात थांबले आणि मला विचारलं, ‘ह्या वेळी मोजतील ना?’

हा प्रश्न मी विसरू शकले नाही. कौल गुंडाळून ठेवू म्हणणाऱ्यांनी त्या आजोबांना काय उत्तर दिलं असतं?

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर ते सार्वमत सल्ल्यापुरतंच होतं. २०११ मध्ये मतदानपद्धती बदलायची की नाही यावर इथे सार्वमत झालं, त्याच्या कायद्यात निकाल ‘हो’ आला तर नवी पद्धत लागू करायचं बंधन सरकारवर होतं. ब्रेक्झिटच्या सार्वमतासाठी केलेल्या २०१५ च्या कायद्यात तसं काहीच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की सार्वमताचं वजन राजकीय आहे, बाहेर पडण्याची नोटीस द्यायची तर संसदेने कायदा करायला हवा. हे सगळं खरं. पण एप्रिल २०१६ मध्ये सरकारने घरोघरी एक पत्रक वाटलं होतं, ते माझ्याही दारात पडलं. संघातच राहा असं सांगणारं ते पत्रक, आणि त्यातच छापलं होतं : हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. हा शब्द दिल्यावर ‘कायद्याने बंधन नव्हतं’ म्हणणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडी वचन देऊन नंतर स्टँपपेपर कुठाय असं विचारणं.

आणि संसदेने तो शब्द पाळायला सुरुवात केलीच होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ४९४ विरुद्ध १२२ मतांनी विधेयक मंजूर झालं, २९ मार्चला नोटीस गेली. म्हणजे ‘बाहेर पडायचं’ यावर घोडं अडलं नव्हतं. अडलं ते पुढे.

मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता : संघात राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर पडून जायचं कुठे, हे कुणी विचारलंच नव्हतं. नॉर्वेसारखं एकसामायिक बाजारपेठेत राहायचं? फक्त जकातीपुरतं एकत्र राहायचं? की सगळेच धागे तोडायचे? बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख मतं पडली, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. त्या १ कोटी ७४ लाखांत हे सगळे विचार होते. माझ्या गल्लीतल्या एका प्लंबरला परदेशी मजूर कमी व्हायला हवे होते, तर पलीकडच्या डॉक्टरीणबाईंना कायदे लंडनमध्ये व्हायला हवे होते, माणसं आली तरी त्यांची हरकत नव्हती. दोघांच्या फुल्या एकाच चौकोनात.

त्यात आयर्लंडची सीमा. आपल्याकडच्या सीमाभागातल्या माणसाला हे चटकन कळेल. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, दक्षिणेकडचं आयर्लंड युरोपीय संघात, आणि मधल्या सुमारे पाचशे किलोमीटरच्या सीमेवर १९९८ च्या शांतता करारानंतर ना चौकी उरली, ना लष्कराचा पहारा. शेत इकडे, गोठा तिकडे. ब्रिटन जकातीतून बाहेर पडलं की माल तपासायला कुठेतरी नाका लागणारच. जमिनीवर नाका उभारला तर जुनी जखम उघडी पडणार, समुद्रात उभारला तर उत्तर आयर्लंड आपल्याच देशापासून तुटल्यासारखं होणार. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला करार मुख्यतः यावर आपटला. १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२. मग मार्चमध्ये आणखी दोनदा हरला. २७ मार्चला खासदारांनी आठ वेगवेगळे पर्याय मतदानाला घेतले, एकालाही बहुमत नाही. १ एप्रिलला जकात संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी पडला. मी त्या रात्री ओट्याशी उभी राहून टीव्ही बघत होते, भात करपला तरी कळलं नाही.

म्हणून म्हणते, ते सगळंच गुऱ्हाळ नव्हतं. रस्ता ठरवणं हे संसदेचंच काम होतं, आणि ते करणाऱ्यांना गद्दार म्हणणं मला अजिबात मान्य नाही. एका दैनिकाने तर हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं होतं की संसदेला विचारा. माझा राग आहे तो सार्वमत घेणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्यावर. लोकांना प्रश्न विचारला, पण ‘बाहेर’ असं उत्तर आलं तर काय करायचं याची तयारी न करता विचारला, आणि निकालाच्या सकाळीच राजीनामा जाहीर करून मोकळे झाले.

प्रश्न : मग दुसऱ्यांदा सार्वमत घेऊन लोकांनाच का विचारलं नाही? त्यात गैर काय होतं?
— वाचक, ठाणे

उत्तर : मागणी जोरात होती. नोटीस मागे घ्या, अशा ऑनलाइन अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या. माझी सही त्यात नाही.

युरोपात याआधी असं घडलंय. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्ट करार नाकारला, पुढच्या वर्षी काही सवलती देऊन पुन्हा विचारलं. आयर्लंडला २००१ मध्ये आणि २००८ मध्ये संघाच्या नव्या करारांना ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा मत द्यायला लावलं. हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहतात, हा समज इथल्या लोकांच्या मनात आधीपासून होता. आधी कौल अमलात आणा, मग काही वर्षांनी परत जायचं की नाही ते खुशाल विचारा, असं माझं म्हणणं.

माझं हे मत इंग्लंडमध्ये आल्यावर बनलेलं नाही. मी मूळची डिचोलीची. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. माझे बाबा मराठी शाळेत शिक्षक, पक्के फूलवाले. घरी विलीनीकरणाच्या बाजूचा ‘गोमन्तक’ यायचा, शेजारच्या घरात विरोधातला ‘राष्ट्रमत’. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारी गेले, ‘राष्ट्रमत’ मागून आणला आणि ओसरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पुन्हा मतदान घ्या असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. विलीनीकरणासाठी झटलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनीही निकाल मानला आणि त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं.

तिथेही मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय नव्हता, ते व्हायला ३० मे १९८७ उजाडावं लागलं. पण वीस वर्षांत ‘तो कौल खोटा’ असं कुणाला म्हणावं लागलं नाही.

प्रश्न : माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आहे. ब्रेक्झिटने त्याचं काय होणार?
— वाचक, पेडणे

उत्तर : तो ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासून इथे राहत असेल आणि त्याने ‘सेटल्ड स्टेटस’साठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, अर्ज केला असेल, तर काळजी नको. त्यानंतर आलेल्यांना मात्र पोर्तुगीज पासपोर्ट असूनही इथे कामाचा व्हिसा लागतो.

स्विंडनमध्ये तुमच्याकडची माणसं खूप आहेत. मतदानाच्या दिवशी त्यांतलाच एक जण संध्याकाळी गोदामाची पाळी संपवून थेट केंद्रावर आला होता. अकरा वर्षं इथे. यादीत नाव होतं, पण त्याच्यापुढे ‘जी’ हे अक्षर. म्हणजे युरोपीय नागरिक, फक्त स्थानिक निवडणुकीचा मतदार. मला त्याला परत पाठवावं लागलं. माझा भाचा पुण्याहून येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं, हातात भारतीय पासपोर्ट, आणि राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून त्याला मत होतं. ह्या माणसाने भारतीय पासपोर्ट सोडला नसता तर त्यालाही मिळालं असतं. मी त्याला कोंकणीत समजावलं तेव्हा तो ‘बरें’ एवढंच म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

तीन वर्षांनी त्याचा अर्ज आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला. पासपोर्ट फोनवर धरून वाचला जाईना, चार वेळा कव्हर काढून पुसला. आठवड्याभरात मंजुरीचा ईमेल आला. पोर्तुगालशी ब्रिटनने वेगळा करार केलाय, त्यामुळे नगरपालिकेला तो अजूनही मत देतो. संसदेला नाही.