टाकीतलं पाणी चांगलं, मग शेवटच्या नळाचं का नाही?

नळाच्या पाण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: आमच्या गावात टाकीत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात. टाकीजवळच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी) पिवळी येते. तरीही खालच्या आळीत दर पावसाळ्यात जुलाबाची साथ येते. दोष पावडरीचा की पाइपलाइनचा?
— एक वाचक, पुणे जिल्हा

बहुधा पाइपलाइनचा, आणि तो शोधता येतो. टाकीजवळ ओटी टेस्ट घेऊन फारसं कळत नाही, तिथे क्लोरीन असणारच. शेवटच्या घरी तो किती उरतो हे बघायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, क्लोरीन हवा.

गावात पाणी दिवसातून तासभर सुटतं, बाकीचा वेळ पाइप रिकामे असतात. पुरवठा बंद झाला की उतारावरून पाणी निघून जातं आणि मागे पाइपात उणा दाब तयार होतो. सांधा फुटका असेल तर बाहेरचं गटाराचं पाणी त्यातून आत ओढलं जातं. कुणी नळाला थेट टुल्लू पंप लावला, तर पुरवठा चालू असतानाही हेच होतं. आत शिरलेली घाण सखल भागाकडे उतरते, म्हणून त्रास खालच्या आळीला.

एकाच दिवशी तीन ठिकाणी ओटी टेस्ट घ्या: टाकीजवळ, मधल्या चौकात आणि शेवटच्या नळाला. शेवटच्या नळाला दोनदा घ्या, एकदा पाणी सुटल्यासुटल्या आणि एकदा पंधरा मिनिटांनी. दोन जागांमध्ये क्लोरीन एकदम नाहीसा होत असेल, तर गळती त्याच टप्प्यात आहे असं धरून शोध सुरू करा. हळूहळू कमी होत गेला, तर मात्राच अपुरी आहे. पहिल्या पाण्यात रंग नाही आणि नंतरच्या पाण्यात येतो, तर पाइपात घाण शिरते आहे असा संशय घ्या. ती दुरुस्ती होईपर्यंत पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये.

रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत बघावा. सावकाश चढणारा पिवळेपणा मोकळ्या क्लोरीनचा नसतो. परीक्षानळी बाजूला ठेवून दहा मिनिटांनी नोंद केली, तर ती फसवी ठरते.

मग त्या टप्प्यात पायी फिरा. गटारातून गेलेली नळजोडणी, पाण्यानं भरलेला व्हॉल्व्हचा खड्डा, तोटी नसलेला नळ, हे बघा. सर्वांत धोक्याचा म्हणजे जास्त पाणी यावं म्हणून जमिनीत खड्डा खणून खाली बसवलेला नळ. पुरवठा थांबताना खड्ड्यातलं सांडपाणी त्याच नळातून पाइपात परत जातं. असा एक खड्डा सगळ्या आळीला आजारी पाडू शकतो, त्यामुळे हे नळ वर घ्यायला लावण्यात ग्रामपंचायतीनं भीड ठेवू नये.

प्रश्न: नव्या जलसुरक्षकासाठी (गावाच्या पाण्यात टीसीएल टाकणारा कर्मचारी) टीसीएलचं माप आणि पद्धत सांगाल का?
— ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

ढोबळ माप १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर प्लास्टिकच्या बादलीत घेऊन थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाशी बसतो. वरची निवळीच टाकीत ओता. पुष्कळ ठिकाणी साका, म्हणजे तळाचा गाळही टाकीत जातो, आणि त्यानं पुढे व्हॉल्व्ह चोंदतात. टाकी भरत असतानाच निवळी ओतली की नीट मिसळते. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडू नये.

पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल किंवा ऊन लागलं की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. पोतं फळीवर, कोरड्या जागी, तोंड घट्ट बांधून ठेवावं. पावसाळ्यात गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी तुरटीनं गाळ बसवावा. नुसत्या तुरटीनं मात्र जंतू मरत नाहीत.

प्रश्न: बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर धरतो. विक्रेत्यानं मीटर लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६२० दाखवला आणि आरओ (क्षार काढणारं शुद्धीकरण यंत्र) घ्यायला सांगितलं. घ्यावा का?
— एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

एवढ्यावरून नाही. पांढरा थर कठीणपणाचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा. तो मीटर विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज सांगतो. जंतू त्यावर दिसत नाहीत, फ्लोराइड किंवा नायट्रेट किती हेही कळत नाही. टीडीएस ३०० असलेलं पाणीही जंतूंनी भरलेलं असू शकतं.

आधी रासायनिक तपासणी करून घ्या. लिटरमागे फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ च्या वर असेल, तर स्रोत बदला किंवा आरओ घ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइडचा त्रास जुना आहे. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतलं पाणीच खारं, तिथे आरओची गरज वेगळी पटवावी लागत नाही. नायट्रेट शेतातल्या युरियातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून येतं. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कधीही कालवू नका.

प्रश्न: नमुना कुठे आणि कसा द्यायचा?
— एक शिक्षक, धाराशिव जिल्हा

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा. जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची आणि ती विसळायची नाही. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, विसळलं की ते निघून जातं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, वर थोडी जागा सोडा. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा.

घरच्या घरी एचटूएस बाटली (मैलापाण्यातले जंतू असले तर पाणी काळं करणारी तपासणीची बाटली) वापरता येते. खुणेपर्यंत पाणी भरा आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. पाणी काळं झालं तर मैलापाणी मिसळल्याची दाट शक्यता, तसं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. काळं झालं नाही, तरी पावसाळ्यात पुन्हा तपासा.

प्रश्न: पाणी किती वेळ उकळावं?
— एक वाचक, पुणे

खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. तोही उकळीनं मरतो. पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्या, आणि पेला बुडवण्याऐवजी ओगराळ्यानं घ्या.

प्रश्न: सकाळी नळाला दुधासारखं पाणी येतं. टीसीएल जास्त झाली का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

काचेच्या पेल्यात घेऊन ठेवा. दोन मिनिटांत तळापासून वर निवळत गेलं तर ती फक्त हवा आहे, पिण्याला हरकत नाही. तळाशी पांढरा गाळ बसला, तर जलसुरक्षकाला बादलीतला साका टाकीत ओतला का ते विचारा.