'जुनाट' आजार नवा असू शकतो का?

प्रश्न असा : वडिलांना गेल्या महिन्यात पार्किन्सन्सचं निदान झालं. विम्याच्या अर्जात 'काही जुनाट आजार आहे का?' असं विचारलंय. महिन्यापूर्वी कळलेला आजार जुनाट कसा? आणि नातेवाईक 'लकवा' म्हणतात, ते बरोबर का?

आधी लकवा. बरोबर नाही. लकव्यात अंगातली ताकद जाते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरतं. पण ते लुळं पडत नाही. नातेवाइकांना फार बोल लावू नका. खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधात या दुखण्याला 'थरथरता लकवा' अशा अर्थाचंच नाव वापरलं होतं. पुढे शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी त्यावर हरकत घेतली आणि आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. 'कंपवात' हा आपल्याकडचा रुळलेला शब्द, पण हात अजिबात न कापणारे रुग्णही असतात. मी तरी फोनवर सरळ 'पार्किन्सन्स' म्हणेन.

आता जुनाट. 'जुना' शब्दाला वयाखेरीज काही चिकटलेलं नाही, 'जुनाट'मध्ये मात्र नावड आहे. जुना मित्र असतो, जुनाट मित्र नसतो. जुनाट खोकला म्हणजे बरेच दिवस असलेला आणि हटत नसलेला. अर्जातला रकाना यातलं फक्त 'न हटणं' विचारतोय, ते कधी सुरू झालं हे नाही. तेव्हा 'होय' लिहा. 'पूर्वीपासून असलेला आजार' हा रकाना वेगळा. तिथं पॉलिसी घेण्याआधी निदान किंवा उपचार झाले होते का, हे पाहतात. दोन्हींची गल्लत करू नका.

गंमत म्हणजे पार्किन्सन्सला 'जुनाट' शब्दशः लागू पडतो. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं यांतलं काही ना काही निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतं. निदान नवं, आजार मुरलेला.

मराठी विश्वकोशात अशा आजारांना 'चिरकारी' म्हटलेलं दिसेल. बोलताना हा शब्द कुणी वापरत नाही, पण मला आवडतो. महाभारताच्या शांतिपर्वात चिरकारी हा गौतम ऋषींचा मुलगा. कुठलंही काम करण्याआधी फार वेळ विचार करणारा. बापानं रागाच्या भरात आईला मारायची आज्ञा दिली, आणि हा विचारच करत बसला. तेवढ्यात बापाचा राग उतरला, आई वाचली. सदऱ्याचं एक बटण लावायला पाच मिनिटं घेणाऱ्या माणसाला हा चिरकारी परका वाटू नये.

घरात बोलायचं तर नामापेक्षा क्रियापद शोधा. ताप येतो, सर्दी होते, पण मधुमेह, संधिवात, पार्किन्सन्स 'जडतात'. सवय जडते, नाद जडतो, प्रीतही जडते. मुक्काम लांबणार हे त्या क्रियापदातच आलं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात तर 'रुग्ण' न म्हणता 'शुभार्थी' म्हणतात आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. पहिल्यांदा ऐकताना थोडं सभेतलं वाटतं, पण 'पेशंटचा मुलगा' म्हणवून घेण्यापेक्षा बरं.