सार्वजनिक उद्यानाला प्रवेशशुल्क लावणे योग्य आहे का?

आपल्या भागातील उद्यानाला प्रवेशशुल्क लावण्याचा प्रस्ताव आला असून ‘जो वापरतो त्यानेच देखभालीचा खर्च उचलावा’ हे त्याचे समर्थन ग्राह्य मानावे का, असे आपण विचारले आहे. हे समर्थन वरवर निर्दोष वाटते. तरीही रोजच्या वापरातील उद्यानाच्या फाटकावर तिकीट लावण्याला माझा विरोध आहे, आणि तो भावनेपेक्षा हिशेबावर आधारलेला आहे.

उद्यानाचा लाभ फक्त आत येणाऱ्याला होतो, हे गृहीतकच मुळात टिकत नाही. इंग्लंडमधील बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून उभे राहिले, तेव्हा त्याच्या कडेचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भरून काढण्याची योजना होती. उद्यानालगतच्या जमिनीला भाव येतो, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांनाही ठाऊक होते. उद्यानात कधीही पाऊल न टाकणारा शेजारचा घरमालकसुद्धा अशा रीतीने लाभार्थी ठरतो. त्याचा वाटा मालमत्ता करातून मिळू शकतो, तिकिटातून कधीच नाही.

प्रस्तावातील उत्पन्नाचा आकडा आपण बारकाईने तपासावा. आज येणाऱ्यांच्या संख्येला शुल्काने गुणून तो काढला असेल, तर तो फसवा आहे, कारण शुल्क लागताच दहा मिनिटे बसायला येणारे, सकाळ-संध्याकाळ फेरी मारणारे वृद्ध आणि शाळा सुटल्यावर खेळायला धावणारी मुले सर्वांत आधी गळतात, तर वर्षातून एकदा येणारा पाहुणा आनंदाने पैसे देतो. शिवाय तिकीट खिडकीवरील कर्मचाऱ्यांचे पगार, कुंपण, बंद करावी लागणारी जादा फाटके आणि हिशेबतपासणी यांचा खर्च त्यातून वजा व्हायला हवा. गरिबांना सवलत देऊ, असे उत्तर मिळेलच. पण फाटकावर उभे राहून आपली गरिबी सिद्ध करण्यापेक्षा बहुतेक जण परत फिरणे पसंत करतात.

हा प्रयोग नवा नाही. उद्योजक जोसेफ स्ट्रट यांनी १८४० मध्ये इंग्लंडमधील डर्बी शहराला दिलेल्या आर्बोरीटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात, देखभालीसाठी शुल्क होते आणि आठवड्यातील दोन दिवस प्रवेश मोफत होता. अखेर १८८२ मध्ये ते शुल्क रद्द झाले.

जिथे गर्दीमुळेच वास्तूची झीज होते, तिथे मात्र माझे मत वेगळे आहे. स्पेनमधील बार्सिलोनाच्या पार्क ग्वेल या उद्यानात वास्तुरचनाकार गौदी यांच्या वास्तू असलेल्या स्मारकीय भागाला ऑक्टोबर २०१३ पासून तिकीट लागू झाले ते पर्यटकांचा लोंढा आवरण्यासाठी, आणि परिसरातील नोंदणीकृत रहिवाशांचा प्रवेश मोफत ठेवण्यात आला. आपल्या उद्यानात अशी गर्दी नसेल, तर आणखी एका माणसाच्या येण्याने पालिकेचा खर्च जवळजवळ वाढत नाही, मग त्याला बाहेर ठेवून कोणाचेच भले होत नाही. पैसे हवेच असतील तर वाहनतळ, नौकाविहार, चित्रीकरण, खासगी समारंभ अशा, इतरांची जागा अडवणाऱ्या वापरांवर आकारणी करावी.

एवढे करूनही प्रस्ताव मंजूर होणार असे दिसले, तर ठरावात दोन अटी लेखी घालून घ्याव्यात. पहिली, जमा रकमेचा ठरावीक हिस्सा त्याच उद्यानावर खर्च व्हावा. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानुसार संघीय (म्हणजे केंद्र सरकारच्या) मनोरंजन स्थळांवर, उदाहरणार्थ राष्ट्रीय उद्यानांत, जमणाऱ्या शुल्कापैकी साधारणतः किमान ८० टक्के त्याच स्थळी राहते. दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे, कारण तिच्याकडे सभेत कोणी लक्ष देत नाही: शुल्काचे उत्पन्न दाखवून उद्यानाची सध्याची अंदाजपत्रकीय तरतूद कमी करता येणार नाही.