अमेरिकेतल्या शाळांमधले पोलीस ऑटिझम असलेल्या मुलांशी कसे वागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून व्हर्जिनियाला येताय, मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, गोंगाट झाला की पळत सुटतो आणि धरलं की चावतो. इथल्या शाळेत कमरेला बंदूक लावलेला पोलीस असतो हे कळल्यापासून तुमची झोप उडालीय. तो अशा मुलाला काय करतो?

मी व्हर्जिनियातल्याच एका सरकारी मिडल स्कूलमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात असिस्टंट आहे. सरळ उत्तर द्यायचं तर बहुतेक दिवस तो काहीच करत नाही. सकाळी दाराशी उभा राहतो, मुलांना हाय-फाइव्ह देतो, कँटीनमध्ये चक्कर मारतो. ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी मात्र फार बिघडतं, आणि सुरुवात सहसा पोलिसापासून होत नाही. त्याला कुणीतरी बोलावलेलं असतं. तुम्ही पोलीस चांगला की वाईट याची चिंता करताय. मी म्हणेन, त्याला कोण आणि कशासाठी बोलावतं ते आधी बघा.

केंटकी राज्यातल्या केंटन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) प्रकरण इथे स्पेशल एज्युकेशनमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०१४ सालची गोष्ट. तिसरीतला आठ वर्षांचा मुलगा, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास, वजन जेमतेम २४ किलो. आधी शाळेच्याच माणसांनी त्याला धरलं, मग शाळेतल्या डेप्युटीला, म्हणजे काउंटीच्या पोलिसाला, बोलावलं. मुलाची मनगटं इतकी बारीक की बेड्या बसेनात, म्हणून डेप्युटीने हात पाठीमागे घेऊन त्या कोपराच्या वर, दंडाला अडकवल्या. पोर खुर्चीवर रडतंय, दुखतंय म्हणून सांगतंय, याचा व्हिडिओ आहे. मी एकदा पाहिला, परत बघवला नाही. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी हा बळाचा बेकायदा वापर ठरवला आणि २०१८ मध्ये काउंटीने सुमारे ३ लाख ३७ हजार डॉलर देऊन दावा मिटवला.

नॉर्थ कॅरोलायनात स्टेट्सव्हिलला २०१८ मध्ये सात वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला, तो थुंकला म्हणून, शाळेतल्या पोलिसाने बेड्या घालून अर्ध्या तासाहून जास्त वेळ जमिनीवर दाबून धरलं. ती शाळा तर खास अशाच मुलांसाठीची होती! कॅलिफोर्नियातल्या सोनोराची गोष्ट याहून चमत्कारिक. २००८ साली अकरा वर्षांचा मुलगा एडीएचडीची गोळी न घेता शाळेत आलेला, मैदानावरच्या बाकावर गप्प बसून होता, उठायला तयार नव्हता. पीटीच्या कोचने पोलीस बोलवायला सांगितलं, 'मुलगा आवरत नाही' असा निरोप गेला, आणि शांत बसलेल्या मुलाला बेड्या घालून गाडीतून काकांकडे पोचवलं. त्याच्या हक्कांचा भंग झाला हे अपील कोर्टाच्या विस्तारित खंडपीठाने मान्य केलं २०१४ मध्ये. तोवर तो सतरा वर्षांचा झाला असेल.

ही निवडक प्रकरणं आहेत असं वाटेल, म्हणून शिक्षण खात्याच्याच नागरी हक्क विभागाचे आकडे देते. २०१५-१६ मध्ये देशभरच्या पटावर दिव्यांग मुलं होती १२ टक्के, पण पोलिसांकडे पाठवलेल्या किंवा अटक झालेल्या मुलांत ती २८ टक्के होती. २०१७-१८ मध्ये शाळेत शारीरिक बळाने धरून ठेवलेल्या मुलांमध्ये तर ८० टक्के दिव्यांग. कृष्णवर्णीय मुलांचा वाटाही असाच जवळपास दुप्पट, आणि मूल दोन्ही गटांतलं असेल तर विचारूच नका. व्हर्जिनियाचा लौकिक तर एके काळी सगळ्यात वाईट होता. २०११-१२ च्या आकड्यांनुसार इथे दर हजार मुलांमागे सुमारे १६ जणांना पोलिसांकडे पाठवलं जायचं, देशाची सरासरी होती ६. लिंचबर्गमध्ये अकरा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाने कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली तर शाळेतल्या पोलिसाने त्याच्यावर शांतताभंगाचा गुन्हा दाखल केला. पुढे काही आठवड्यांनी त्याने धरणाऱ्या पोलिसाशी झटापट केली, तर पोलिसावर हल्ला केल्याचा गंभीर गुन्हा. ते प्रकरण गाजलं. २०२० मध्ये राज्याने कायदा बदलला आणि विद्यार्थ्यावर स्वतःच्या शाळेतल्या किंवा स्कूल बसमधल्या वागण्यासाठी शांतताभंगाचा गुन्हा लावणं बंद केलं. हल्ल्याच्या कलमाला मात्र त्या बदलाने हात लावला नाही, आणि चावणाऱ्या मुलाच्या आईने हे लक्षात ठेवावं.

आता शाळेच्या आत हे कसं घडतं ते सांगते. शाळेतल्या पोलिसाला इथे एसआरओ म्हणतात. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचंच म्हणणं आहे की शिस्त लावणं शाळेचं काम, एसआरओने त्यात पडू नये. कागदावर हे अगदी ठीक आहे. पण वर्गात बदली शिक्षिका आलेली, असिस्टंट रजेवर, मुलाने खुर्ची भिरकावलेली, बाकीची वीस मुलं भेदरलेली. अशा वेळी भिंतीवरचं बटण दाबलं की ऑफिस ज्याला पाठवता येईल त्याला पाठवतं. सायकॉलॉजिस्ट आठवड्यातले दोनच दिवस आमच्याकडे असते. एसआरओ रोज असतो. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने २०१९ मध्ये मोजून दाखवलं होतं की देशातली १ कोटी ४० लाख मुलं अशा शाळांत आहेत जिथे पोलीस आहे, पण काउन्सेलर, नर्स, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर यांच्यापैकी निदान कुणीतरी नाही.

त्यात गणवेशाचा एक त्रास असतो जो लोकांच्या ध्यानात येत नाही: खांद्यावरचा रेडिओ. तो मध्येच खरखरतो, मोठ्याने बोलतो. आवाजाला बुजलेलं मूल टेबलाखाली गेलेलं असताना तो खरखरणारा माणूस आणखी जवळ आला तर काय होणार? आमचे सध्याचे एसआरओ शहाणे आहेत. मागे एक मुलगा असाच टेबलाखाली शिरून डोकं आपटून घेत होता. त्यांनी दारातच रेडिओचा आवाज शून्यावर नेला, आत न येता जिन्याकडे येणारी मुलं थांबवली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी फरशीवर बसून मुलाची निळी उशी पुढे सरकवत होते. बऱ्याच वेळाने त्याने उशी ओढून घेतली. हे त्यांना पोलीस ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचा पुतण्या ऑटिस्टिक आहे. म्हणजे नशिबाचा भाग. मी आधी ज्या शाळेत होते तिथल्या ऑफिसरला मुलाने डोळ्यात बघून उत्तर दिलं नाही की तो उद्धटपणा वाटायचा.

कायद्यातली एक फट माहीत असू द्या. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या आयडीईए नावाच्या कायद्याने तुमच्या मुलाला आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता लेखी शिक्षण आराखडा, मिळेल. त्याला दहा शालेय दिवसांपेक्षा जास्त काळ काढून टाकायचं असेल, तर हे वागणं त्याच्या अपंगत्वातून आलंय का याची बैठक घेणं शाळेला भाग आहे. हे संरक्षण चांगलं आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय की गुन्हा पोलिसांना कळवायला शाळेला आडकाठी नाही. म्हणजे लांबच्या निलंबनासाठी बैठक, पोलिसांना फोन करण्यापूर्वी काहीच नाही! कळवल्यावर मुलाची विशेष शिक्षणाची कागदपत्रं तिकडे पोचतील हे बघायचं, एवढंच.

दुसरी धास्ती चौकशीची. आमच्याकडे एक मुलगा आहे, तुम्ही त्याला दोन पर्याय दिलेत की तो शेवटचा उच्चारतो. 'तू घेतलंस की त्याने घेतलं?' विचारलं तर 'त्याने घेतलं', आणि उलटं विचारलं तर 'तू घेतलंस'. हाच प्रश्न गणवेशातल्या माणसाने बंद खोलीत विचारला आणि उत्तर लिहून घेतलं तर? २०११ चा सुप्रीम कोर्टाचा जे. डी. बी. खटला असाच, नॉर्थ कॅरोलायनातला. स्पेशल एज्युकेशनमधला तेरा वर्षांचा मुलगा, वर्गातून उठवून नेला, घरी कळवलं नाही, कबुली घेतली. पोलिसांनी मुलाचं वय ध्यानात घ्यायला हवं, असं कोर्टाने म्हटलं. अपंगत्वाबद्दल तसं ठामपणे म्हटलं नाही.

तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बऱ्याच काउंट्यांत एलिमेंटरी, म्हणजे प्राथमिक शाळेत कायमचा एसआरओ नसतो, तो मिडल आणि हायस्कूलला असतो. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं कदाचित तुम्हाला काही जाणवणार नाही. नवव्या वर्षी पळणारं पोर सगळ्यांना गोड वाटतं. तेच चौदाव्या वर्षी, पाच फूट आठ इंच उंचीचं, ओठावर मिसरूड फुटलेलं, हात झटकत अंगावर आलं की लोक घाबरतात. वागणं तेच असतं. म्हणून खालचं काम आत्ताच करून ठेवा.

आयईपीच्या बैठकीत वर्तनाचा आराखडा, बीआयपी, मागून घ्या आणि त्यात संकटाच्या वेळचा परिच्छेद घालायला लावा: मुलगा बिथरला तर आधी कोण येणार, त्याचं नाव नको, हुद्दा हवा, आणि तो रजेवर असेल तर दुसरा कोण, खोली रिकामी कशी करायची, काय करायचं नाही, उदाहरणार्थ मागून धरायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका असल्याशिवाय एसआरओला बोलावू नये, हे वाक्य ठेवाच. शाळा कुरकुर करेल, 'आम्ही पोलिसांना बांधून ठेवू शकत नाही' म्हणेल. खरं आहे, पण शाळा स्वतःच्या माणसांना बांधून घेऊ शकते, आणि आपल्याला तेच हवंय. पालकांना कळवून, त्यांच्या उपस्थितीतच पोलीस चौकशी व्हावी असं वेगळं पत्र प्रिन्सिपलला ईमेलने द्या. पत्र कायदा नव्हे, पण ते फाइलमध्ये आहे म्हटल्यावर माणूस फोन उचलण्याआधी थांबतो.

शाळा आणि पोलीस खातं यांच्यातला करार, एमओयू, बहुतेक वेळा काउंटीच्या वेबसाइटवर असतो. तो वाचा. एसआरओला मुलाचा आयईपी आपोआप दिसत नसतो, म्हणून ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याच्या आठवड्यात मुलाला घेऊन त्याला भेटा आणि एका पानाची चिठ्ठी द्या, फोटोसकट: कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, बोलता येतं का. आपल्या मंडळातली बरीच मंडळी निदान लपवतात, 'लोक काय म्हणतील' म्हणून. घरच्या गणपतीला लपवा हवं तर, इथे नका लपवू.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात येणारच. बाल न्यायालयाचा निकाल इमिग्रेशनच्या कायद्यात सहसा दोषसिद्धी धरत नाहीत, मात्र ग्रीन कार्डच्या फॉर्मवर अटक झाली होती का हे विचारतात. तशी वेळ आलीच तर शाळेशी बोलण्याआधी वकील गाठा. मोफत मदतीसाठी राज्यात पालकांसाठीचं केंद्र आहे, पीईएटीसी नावाचं. फोन केला तर बैठकीआधी तयारी करून देतात. नाशिकच्या डॉक्टरांचे आणि थेरपिस्टचे रिपोर्ट इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी आणा, नाहीतर मूल्यमापन आणखी लांबू शकतं आणि तोवर मूल आयईपीशिवाय साध्या वर्गात बसतं. कुठल्या काउंटीत येताय ते खाली लिहा, तिथला एमओयू शोधून सांगते.