३क्ष − ४य = १० चा आलेख काढताना अक्षांवरचे बिंदू अपूर्णांकात येतात, काय करावं?

तुमच्या मुलीचं काही चुकलेलं नाही. य = ० घेतलं की क्ष = १०/३ येतो आणि क्ष = ० घेतलं की य = −५/२. रेषा अक्षांना तिथेच छेदते. अडचण ग्राफ पेपरवर येते. १ सेंमी = १ एकक धरलं तर ३.३३ हा ठिपका दोन बारीक रेघांच्या मधे पडतो, तो अंदाजानेच द्यावा लागतो.

दहावीच्या मुलांना शिकवताना मी सांगतो, की अक्षांवरचेच बिंदू घ्यायची सक्ती नाही. रेषेवरचे कुठलेही बिंदू चालतात, मग पूर्णांकातले शोधा. समीकरण ३क्ष = १० + ४य असं लिहा. उजव्या बाजूला ३ ने भाग जायला हवा. य = ० ला १०, नाही. य = १ ला १४, नाही. य = २ ला १८, गेला! क्ष = ६. मिळाला (६, २). इथे य च्या लागोपाठ तीन किमतींत एक लागतेच, चौथी बघावी लागत नाही.

पुढचे बिंदू तर आकडेमोड न करता मिळतात. क्ष ४ ने कमी करा, य ३ ने कमी करा: (२, −१). पुन्हा तसंच: (−२, −४). क्ष ४ ने घटला की ३क्ष १२ ने घटतो, य ३ ने घटला की ४य सुद्धा १२ नेच घटतो, त्यामुळे वजाबाकी १० च राहते. मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. (मधे अधिक चिन्ह असेल तर एक वाढवायचा, दुसरा कमी करायचा.)

तिसरा बिंदू मात्र घ्याच. −४य = १० वरून य = २.५ लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघतो. उणे चिन्ह राहून जातं. दोनच बिंदू असले तर त्यांतूनही छान सरळ रेषा जाते, आणि चूक दिसतच नाही. तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला की लगेच कळते.

तुम्ही काढलेले ते अपूर्णांक फुकट जात नाहीत. रेषा काढून झाल्यावर पाहा: क्ष-अक्षाला ती ३ च्या किंचित पुढे छेदते का, य-अक्षाला −२ आणि −३ च्या बरोबर मधे छेदते का.

४क्ष + ६य = ९ सारख्या समीकरणाला मात्र पूर्णांकातला बिंदू शोधत बसू नका. क्ष, य पूर्णांक असले की डावी बाजू सम येते, आणि ९ विषम. तिथे अर्ध्यातले घ्या: (०, १.५), (१.५, ०.५), (३, −०.५). ग्राफ पेपरवर अर्धा सेंटिमीटर नेमका दाखवता येतो.