पल्सरचे मागचे शॉकअप चार हजारांत बदलायचे? आधी मागच्या चाकाचा चिमटा हलवून बघा

प्रश्न: माझी पल्सर १५० आहे, २०१४ चं मॉडेल. डबल सीट असलो की मागून फार आदळते. बजेट चार हजार. बाजारात मिळतात ते लाल डब्याचे शॉकअप टाकू का, की आहेत तेच कडक करून घेऊ?

उत्तर: लाल डब्याचे टाकू नका आणि कडक तर आंधळेपणानं अजिबात करू नका. एवढ्यावर थांबलो असतो, पण "कडक करून घेऊ का" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच सल्ल्यापायी आमच्या अण्णांनी अख्खा उन्हाळा कंबर धरून काढलाय.

आम्ही सासवडचे. अण्णांच्या मणक्यात गॅप निघाली, फिजिओथेरपीला हडपसरला न्यायचं, घरात गाडी एकच, तुमच्यासारखीच १५०. एसटीची वाट बघत त्यांना स्टँडवर उभं राहवत नव्हतं आणि प्रत्येक वेळी स्पेशल रिक्षा करायला परवडत नव्हतं. दिवे घाट उतरताना खड्डा आला की ते माझा खांदा आवळायचे, त्यावरून मला कळायचं कितपत लागलं. तर आमचे दाजी एका रविवारी आले, गाडीवर बसून दोनदा दाबून बघितली, म्हणाले शॉकअप मऊ पडलेत, आणि टूलकिटमधला पाना काढून दोन्ही शॉकअपची खाच (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) सरळ पाचवर नेऊन ठेवली. मी म्हणालो आधी गळती तरी बघू, पण जावईमाणूस, घरात त्यांच्या शब्दापुढे माझं कोण ऐकतंय. दुसऱ्या दिवसापासून आधी जे फक्त मोठ्या खड्ड्याला लागायचं ते साध्या गतिरोधकालाही लागायला लागलं.

खाच फिरवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही हो. स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा तारेची जाडी आणि वेढे यांवर ठरतो. खाचेनं स्प्रिंगवर आधीचा दाब वाढतो, म्हणजे वजन पडल्यावर गाडी मागून कमी बसते, बस एवढंच. भरपूर वजन असेल तेव्हा ते बरोबरच आहे, पण गाडी आदळण्याचं कारण दुसरंच असेल तर खाच काय करणार? स्प्रिंग धक्का घेते, तो जिरवायचं काम आतलं तेल करतं, आणि तेलच नसेल तर एका खड्ड्याला गाडी तीनदा नाचते.

शेवटी दाजींना न सांगता मी फुरसुंगीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्या माणसानं शॉकअपकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, तर आतून टक टक. चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे, बुश (सांध्यातल्या नळ्या) गेले होते! मग शॉकअप खोलले, स्प्रिंग उतरवली आणि नुसता दांडा हातानं दाबून दाखवला. डावीकडचा जड जात होता आणि सोडला की आपोआप सावकाश वर येत होता, तसाच पाहिजे. उजवीकडचा दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि तिथंच पडून राहिला. गॅस नाही, तेल नाही, सीलभोवती काळा चिकट थर. म्हणजे एका बाजूनं मेलेला शॉकअप, खाली ढिला चिमटा, आणि वरून आम्ही खाच पाचवर नेलेली.

बुशचा सेट बदलला, शॉकअप कंपनीचे ओरिजिनल जोडीनं टाकले (एकच कधीही बदलून घेऊ नका), चिमट्याला ग्रीस. मागच्या टायरमध्ये पंक्चरवाल्यानं चाळीस हवा ठोकली होती, ती मॅन्युअलमध्ये लिहिलीय तेवढ्यावर आणली. अण्णांनी त्यानंतर घाटात खांदा आवळणं बंद केलं. दाजी अजून म्हणतात तो फरक फिजिओचा. फिजिओ तर पाच नंबरवर होतो तेव्हाही चालूच होती, मग तेव्हा का नाही पडला फरक? याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

आता तुमचं. तुमच्या मूळ शॉकअपलाही डबा आहेच की, नायट्रोजनचा, नायट्रॉक्स म्हणतात ते हेच. स्वस्तातल्या लाल जोडीचा डबा बऱ्याचदा नुसता शोभेचा असतो, आत गॅसही नसतो आणि मुख्य नळीतून डब्यात जायला भोकही नसतं. त्यापेक्षा ओरिजिनल घ्या, नाहीतर गॅब्रिएल, एन्ड्युरन्ससारखं नाव बघून घ्या. एन्ड्युरन्स तर आपल्या संभाजीनगरची, बजाजलाच माल देते. पुण्याच्या नाना पेठेत घेणार असाल तर जुना शॉकअप सोबत न्या, वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत माप तंतोतंत जुळलं पाहिजे. लांब शॉकअप टाकून मागून उंच केलेल्या गाड्या बघायला बऱ्या वाटतात, पण साइड स्टँडला गाडी जास्तच कलते, चेनचा कोन बदलतो आणि हँडल हलकं पडतं. घाटात ते नको.

बसवल्यावर खाच अंदाजानं नाही, टेपनं ठरवा. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एखाद्या नटापर्यंत माप घ्या, मग दोघं बसा आणि तिसऱ्याला पुन्हा घ्यायला सांगा. चाकाला वरखाली जेवढी जागा आहे तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी गाडी बसली पाहिजे. म्हणजे ९० मिलिमीटर असेल तर ३० च्या आसपास. जास्त बसली तर एक खाच वाढवा, कमी बसली तर उतरवा. एकटे फिरताना परत खाली आणायला विसरू नका.

आणि हो, भोक पाडून तेल भरून वेल्डिंग मारून देणारे भेटतील, गॅसच्या शॉकअपला त्यांना हात लावू देऊ नका, आत दाब असतो. साध्या बिनगॅसच्या शॉकअपचं सील आणि तेल बदलून चालतं, तेही दांड्यावर गंज किंवा ओरखडा नसेल तरच. हे सगळं दोन शॉकअपच्या गाडीचं सांगतोय, मोनोशॉकचं, म्हणजे मागे एकच शॉकअप असतो त्या गाडीचं, गणित वेगळं. तुम्ही दोघंही भारी असाल आणि वर सामान असेल तर कंपनीची स्प्रिंग कमीच पडणार, मग वजन सांगून मुळातच जास्त कडक स्प्रिंग मागवावी लागते आणि ते चार हजारांत बसेल असं धरून चालू नका. कुणाला खरंच मणक्याचा त्रास असेल तर शक्यतो बाइकवर नेऊच नका, आमच्याकडे इलाज नव्हता म्हणून नेलं.

चाक हलवून टक टक येते का आणि दोघांचं मिळून वजन किती ते कळवा, कितव्या खाचेपासून सुरुवात करायची ते सांगतो.